दोन डोळ्यांचा फोटो

दुकान बंद केलं की लोक फोटोवाल्या बाईला विसरतील, असा माझा अंदाज होता. भिवंडीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीतला स्टुडिओ मी बंद केला, पाटी उतरवली आणि अंजूरला सासरच्या घरी कायमची राहायला आले. अंदाज साफ चुकला. पूर्वी लोक फोटो काढून घ्यायला यायचे, आता काढलेले घेऊन येतात. रिक्षा करून, गोदामांच्या मधून वाट विचारत येतात आणि पिशवीतले डबे ओटीवर मांडतात.

याला कारण माझा स्कॅनर. मुलीने घेऊन दिलेलं हे घरगुती यंत्र आहे, कपड्यांच्या सपाट बॅगेएवढं. झाकणात दिवा आहे, त्यामुळे कागदावरचे फोटोच नाही, तर निगेटिव्ह आणि स्लाइडही त्यात उतरवता येतात. निगेटिव्हवर काळं ते पांढरं दिसतं. स्लाइडवर तसं नाही. ती उजेडाकडे धरली की जग जसं होतं तसं दिसतं, आंब्याचा हिरवा हिरवाच आणि लुगड्याचा लाल लालच. पूर्वी हौशी आणि ऐपतदार माणसं स्लाइडवर फोटो काढायची आणि भिंतीवर पांढरी चादर लावून घरच्यांना दाखवायची. चादरीवर चित्र पाडणारं यंत्र बिघडलं की स्लाइड माळ्यावर जायच्या. आता घरं पाडताना त्या सापडतात.

स्कॅनरसोबत एक प्लास्टिकची चौकट मिळते, नेहमीच्या मापाच्या स्लाइडसाठी. पण माझ्याकडे येणारं बहुतेक काही नेहमीच्या मापाचं नसतं. काही स्लाइड करंगळीच्या नखाएवढ्या, काही बिस्किटाएवढ्या चौकोनी, काही काचेत बसवलेल्या. मग मी लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून चौकटी करते. स्कॅनरची नजर काचेपासून किंचित वर धारदार असते, म्हणून खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून उंची जुळवावी लागते. केसभर चुकली तरी चेहरा धुक्यात जातो.

पूर्णा गावचे एक गृहस्थ चौकोनी स्लाइड घेऊन आले होते. सगळ्यांत भातशेती. त्यांची जमीन आता गोदामाखाली आहे. त्यांना त्या चित्रांत आपली विहीर कुठे होती ते पाहायचं होतं. मी चित्र पडद्यावर मोठं करत गेले तसे ते खुर्चीतून पुढे पुढे सरकत गेले आणि शेवटी एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले की हिचं पाणी गोड होतं.  अंबाडीचे एक निवृत्त आरोग्यसेवक तर फिल्मची अख्खी गुंडाळीच घेऊन आले. गावोगावी सायकलवर नेऊन दाखवायची चित्रपट्टी. तुकडे केले तर काम सोपं होईल म्हटल्यावर त्यांनी ती छातीशीच धरली. शेवटी मी झाकणाशी आणि आमचे हे पट्टीचं दुसरं टोक धरून उभे, धुतलेली साडी दोघांनी धरावी तसे.

पण आज सांगायचं आहे ते जुबेदाआपांचं.

आपांची आणि माझी ओळख स्टुडिओपासूनची. भिवंडीत बाई फोटोग्राफर ही चैन नव्हती, गरज होती. पुरुषापुढे नकाब वर करायला अवघडणाऱ्या बायका माझ्याकडे यायच्या. पासपोर्ट, रेशनकार्ड, मुलीच्या स्थळासाठी पाठवायचा फोटो. पडद्याआड दिव्यापुढे बसवून मी सगळ्यांना तेच सांगायची: हनुवटी वर, हलू नका, हसू नका. आपा हजच्या पासपोर्टसाठी आल्या होत्या. जुन्या गावातलं कोकणी मुसलमान घर, वडील बोटीवर खलाशी. आपा मला मंदा म्हणतात, अगंतुगं करतात. मी त्यांना अहोजाहो करते. वयाने त्या मला मोठ्या बहिणीसारख्या.

गेल्या वर्षी त्या अशाच रिक्षाने आल्या. सोबत एक लांबट पत्र्याची पेटी. आत खाचा आणि प्रत्येक खाचेत काचेची एक पट्टी, चार बोटं लांब. प्रत्येक पट्टीत दोन छोटी रंगीत चित्रं शेजारी शेजारी. पहिली पट्टी खिडकीकडे धरली तर दोन्ही चित्रं सारखीच. दुसरी धरली, तिसरी धरली. सगळीकडे तेच.

आपा म्हणाल्या, अब्बांना एकाने भागत नसे. परदेशातून कॅमेरा आणला होता, सुट्टीवर आले की घर आणि खाडी टिपत फिरायचे, परत जाताना फिल्म सोबत न्यायचे आणि तिकडच्या बंदरात धुवायला टाकायचे. प्रत्येक फोटो दोनदा. आपांना सांभाळणारी फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, यावरून त्यांना कायम बोलायची की फिल्म काय फुकट येते.

मी म्हटलं, काम वाचेल, जोडीतला एकेकच उतरवते. दुसरा तोच तर आहे.

“न्हाय,” आपा म्हणाल्या. “अब्बांनी दोन काढलेत तर दोनच कर. त्यांचं त्यांना ठाऊक.”

मग त्यांनी पेटीतली एक पट्टी नेमकी उचलून माझ्या हातात दिली. अंगणात उभी एक तरुण बाई, आणि तिने कॅमेऱ्याकडे लांब केलेला हात. पसरलेली पाच बोटं बरोबर चेहऱ्यावर आलेली. बोटांच्या फटीतून कुठे एक डोळा, कुठे भुवईचा तुकडा, कुठे उघड्या तोंडाची कड.

ती त्यांची अम्मी. आपा चार-पाच वर्षांच्या असताना ती बाळंतपणात गेली. तिचा हा एवढाच फोटो. तिला कॅमेऱ्याचा राग होता, ती अब्बांवर ओरडायची, असं फुफी सांगायची. आपा चिडल्या की घरात म्हणायचे, अम्मीवर गेली.

“मला अम्मीचा हात पाठ हाय,” आपा म्हणाल्या. “चेहरा आठवत न्हाय. तुझ्या मशीनमध्ये काय दिसलं तर बघ.”

मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. बोटांमागे जे फिल्मवर आलंच नाही ते यंत्र कुठून आणणार?

काचेच्या स्लाइड त्रासदायक असतात. फिल्म काचेला चिकटते तिथे इंद्रधनुष्यासारखी वलयं उमटतात. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे कडेने बुरशी शिरलेली. पण रंग! ती फिल्म कोणत्या जातीची होती कोण जाणे, इतकी वर्षं अंधारात राहून तिचा एक रंगही उतरला नव्हता. खाडीचं पाणी काल पाहिल्यासारखं, होड्यांचं डांबर ओलं. मी रंगीत फोटो धुण्यात आयुष्य घालवलं, असे रंग माझ्या हातून कधी निघाले नाहीत हे कबूल करायला मला लाज नाही.

एका चित्रात खाडीच्या काठाशी एक माणूस पाग टाकतो आहे. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते हवेत पूर्ण उघडलेलं, कडेवरून थेंब उडालेले. डावं आणि उजवं चित्र पडद्यावर आलटून पालटून बघताना मला जाणवलं की काहीतरी हलतंय. जाळं मागच्या झाडांवरून सरकतं आहे. मला वाटलं, अब्बांनी एक फोटो काढला आणि पाऊलभर बाजूला होऊन दुसरा काढला. आमचे हे मागे येऊन उभे राहिले होते. यांचं बालपण याच खाडीवर गेलेलं. पडद्याकडे वाकून ते म्हणाले, “पाग दोन वेळा सारखी पडत न्हाय. ही एकच फेक हाय.”

मी थेंब मोजायला बसले. डावीकडे जितके थेंब, उजवीकडे तितकेच, तेच. जाळ्याची घडी न् घडी तीच. म्हणजे दोन फोटो एकामागून एक काढलेच नव्हते. एकाच क्षणी, शेजारी शेजारी दोन लेन्समधून घेतलेले होते, आपले दोन डोळे असतात तितक्या अंतरावरून. अब्बांच्या कॅमेऱ्याला दोन डोळे होते.

लहानपणी जत्रेत दुर्बिणीसारखं एक खेळणं मिळायचं. आत चित्रांची गोल चकती घालायची, कळ दाबायची की चित्र पुढे सरकायचं, आणि त्यातले डोंगर लांब, माणसं जवळ दिसायची. हे तेच, फक्त आपल्या गावाचं. दोन्ही चित्रं मी कागदावर शेजारी छापली, जुन्या स्लाइड बघायच्या डब्यांतली दोन भिंगं काढली आणि बुटांच्या खोक्याला दोन भोकं पाडून त्यांत बसवली. मध्ये पुठ्ठ्याची भिंत उभी केली, म्हणजे डाव्या डोळ्याला डावंच चित्र दिसेल आणि उजव्याला उजवंच. पहिल्यांदा चित्रांची अदलाबदल झाली, तेव्हा आकाश पुढे आलं आणि जाळं आकाशाच्या मागे गेलं. डोकं गरगरलं. चित्रं सरळ करून मी पुन्हा डोळे लावले.

काय सांगू! जाळं हवेत तरंगत होतं. चित्रातलं जाळं नव्हे, जाळं. त्याच्या आतून बघता येत होतं. एक थेंब माझ्या जवळ होता, दुसरा त्याच्या वीतभर मागे. त्याच्याही मागे पाणी, पाण्याच्या पलीकडे चिखल, चिखलापलीकडे झाडं, आणि मध्ये नुसती हवा. हवेचा फोटो मी जन्मात पाहिला नव्हता. मी डोकं मागे घेतलं, ओटीवरून समोरच्या गोदामाची भिंत पाहिली आणि परत खोक्यात डोकं घातलं. आमचे हे बघायला आले तेव्हा त्यांनी आधी एक हात भिंतीला टेकवला. मग म्हणाले, हा काठ आपल्याच बाजूचा. त्यानंतर ते उठायलाच तयार होईनात.

एवढी वर्षं मी लोकांचे फोटो काढले, डाग पुसले, चेहरे उजळले. फोटो म्हणजे सपाट कागद, हे मी कधी तपासूनही पाहिलं नव्हतं.

आणि मग मला अम्मीची पट्टी आठवली.

माणसाने जाळीच्या दारातून बाहेर पाहिलं तर जाळी आड येत नाही, कारण एका डोळ्याला जे झाकलं जातं ते दुसऱ्याला दिसतं. बोटांचंही तेच होणार होतं. डाव्या चित्रात जो गाल बोटामागे होता, तो उजव्या चित्रात फटीत आलेला होता. मी दोन्ही चित्रं खोक्यात ठेवली, डोळे लावले. आधी नुसता गोंधळ. मग हात पुढे आला, अगदी माझ्या नाकासमोर, बोटांवरच्या रेषांसकट. आणि त्याच्या मागे, मोकळा, सगळा, एक चेहरा.

मी तो चेहरा पाहिला आणि खोकं बंद करून ठेवलं. ज्या बाईचा तो हक्क होता, तिच्या आधी मी पाहून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आपांना बोलावलं. आधी जाळ्याचं चित्र लावून दिलं. त्या वाकल्या, बघितलं आणि छान आहे म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या, पण एखाद्या कॅलेंडरला म्हणावं तसं. मी विचारलं, जाळं पुढे आलेलं दिसतं का? त्या म्हणाल्या, चित्र ते चित्र, पुढे कसं येईल?

मी अम्मीची जोडी लावली. त्यांना तोच हात दिसला आणि त्याच फटी.

मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून दुधासारखा झालेला. उजव्याचं ऑपरेशन आधी झालं होतं. डाव्याचं त्यांनी टाळलं, कारण त्या डोळ्यात काचबिंदूही होता आणि डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू निघेल, पण मागची नस किती शिल्लक आहे ते काढल्यावरच कळेल. आपांनी ठरवलं, एका डोळ्याने स्वयंपाक होतो, नमाज होते, नातवंडं ओळखू येतात. कशाला चिरफाड?

हा फोटो बघायला दोन डोळे लागतात, हे मला त्यांना सांगावं लागलं.  मी म्हटलं, आपा, दुसरा मार्ग आहे. दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर जोडून मी बोटं काढून टाकते, चेहरा पूर्ण करून देते. एका डोळ्यालाही दिसेल.

आपांनी विचारलं की तो फोटो कुणाचा होईल, अब्बांचा की माझा.

खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जोडलेला होईल. दोन चित्रं हुबेहूब बसत नाहीत, मधे मला हात फिरवावा लागेल.

“मग नको.”

“निदान मी काय पाहिलं ते सांगते.”

“ते तर मुळीच नको,” आपा म्हणाल्या. “सांगितलेली अम्मी खूप झाली, मंदा.”

त्या उठल्या. मुलाला फोन लावला आणि माझ्यादेखत त्याला सांगितलं की डोळ्याच्या डॉक्टरकडे नंबर लाव. मुलगा घाबरला. सून म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला. आपांनी कारण सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी गेले होते. दवाखान्याच्या बाकावर त्यांचा मुलगा माझ्या शेजारी बसला आणि मला विचारत राहिला की मावशी, आमच्या अम्माच्या डोक्यात हे आलं कुठून.  डोळा गेला असता तर त्या घराने मला काय म्हटलं असतं, हा विचार मनातून जात नव्हता. डोळा जाणं सोडाच, नजर होती तशीच राहिली असती आणि अम्मी दिसलीच नसती तरी मी त्या बाईपुढे कोणत्या तोंडाने गेले असते? ते खोकं मीच बनवलं होतं.

डोळ्यावरची पट्टी निघाली. सुरुवातीला त्यांना नुसता पांढरा उजेड दिसत होता. नंतर माणसांचे आकार. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसणार नाही, ते गेलंच. मधलं हळूहळू येईल. मी रोज फोन करायची आणि भाजीपाल्याचं बोलून ठेवून द्यायची. विचारायची हिंमत होत नसे. एक दिवस त्याच म्हणाल्या, आज डाव्या डोळ्याने सुईत दोरा ओवला.

त्या आल्या तेव्हा दुपार होती. ओटीवर चांगला उजेड होता. आमचे हे खुर्ची ठेवून आत निघून गेले. मी जोडी लावली, खोकं टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

आपा वाकल्या. म्हणाल्या, दोन हात दिसतात. मी म्हटलं, कागदाकडे बघू नका, खाडीपलीकडचं बघता तशी नजर लांब सोडा. त्यांनी प्रयत्न केला, डोळे चोळले, पाणी पुसलं, पुन्हा वाकल्या. कितीतरी वेळ काही झालं नाही. मला वाटलं, राहू दे म्हणावं. इतकी वर्षं एकाच डोळ्याने बघणाऱ्याला दोन डोळे एकत्र लावायची सवय परत येईलच असं नाही.

मग त्यांचं डोळे चोळणं थांबलं.

त्या हलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मात्र आपसूक वर आला आणि खोक्याच्या पुढे हवेत गेला, पसरलेल्या बोटांनी, समोरच्या कुणाच्या बोटांना टेकवावा तसा. तिथे काहीच नव्हतं, टेबल होतं. हात तिथेच राहिला.

“ओरडत न्हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “मंदा, ही ओरडत न्हाय. हसते हाय.”

मी होय म्हटलं.

“अब्बांना हसते हाय.”

त्यांनी एक डोळा मिटला, मग उघडून दुसरा मिटला. मग दोन्ही उघडे ठेवून बघत राहिल्या. अम्मीच्या नाकात चमकी आहे, पुढच्या एका दाताचा कोपरा तुटलेला आहे, गालावर पिठाचा डाग आहे, हे एकेक त्या मला सांगत होत्या. मी ते चित्र पडद्यावर कितीदा तरी आणि खोक्यात एकदा पाहिलं होतं. पण चेहरा बघण्याच्या नादात मला पिठाचा डाग दिसला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्या मागे सरल्या. पदराने भिंगं पुसली, खोकं फिरवून माझ्याकडे केलं आणि खुर्चीतून उठून मला जागा दिली.

“बस,” म्हणाल्या. “तुझी ओळख करून देते.”

मी बसले, दोन्ही डोळे भिंगांना लावले. माझ्या खांद्यावर हात ठेवून आपा वाकल्या आणि पाहुणीला सांगावं तसं मला म्हणाल्या, “ही माझी अम्मी. आमिना.”